गोतावळा की भाऊबंदकी? वनस्पतींचे नाते आणि रानाची घडण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका ठिकाणी कोणत्या वनस्पती एकत्र वाढतात आणि कोणत्या वाढत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या वनस्पतींच्या उत्क्रांतीतील नात्याचा उपयोग कसा होतो, याविषयी विद्यार्थी आणि निसर्गप्रेमी वाचक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. संज्ञांचा गोंधळ टाळण्यासाठी आरंभीच सांगितलेले बरे : येथे 'जाती' म्हणजे स्पीशीज, 'प्रजाती' म्हणजे जीनस, 'कुळ' म्हणजे फॅमिली आणि 'गण' म्हणजे ऑर्डर. एकाच जागी एकत्र वाढणाऱ्या सर्व जातींना मिळून 'वनस्पतिसमुदाय' म्हटले आहे.

या अभ्यासात नेमके काय शोधायचे असते?

महाबळेश्वरच्या सदाहरित रानात शिरल्यावर अंजनी, जांभूळ आणि पिसा हे तीन वृक्ष पुन्हा पुन्हा भेटतात. इतके की, वनशास्त्रज्ञांनी उत्तर सह्याद्रीतील या रानाच्या प्रकाराला या तिघांचीच नावे दिली आहेत. यांपैकी अंजनी आणि जांभूळ यांची कुळे वेगळी असली तरी दोन्ही मिर्टेलीझ या एकाच गणातली आहेत. हिरडा आणि नाणा हेसुद्धा त्याच गणातले. पिसा मात्र दालचिनीच्या कुळातला असून ही शाखा सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर फार पूर्वी वेगळी झालेली आहे. म्हणजे या रानात दोन भावकीतले आणि एक परका असा मेळ आहे.

हा मेळ योगायोगाने जमला की त्यामागे काही कारण आहे? आसपासच्या प्रदेशातून येऊ शकणाऱ्या शेकडो जातींपैकी नेमक्या याच जाती तेथे का टिकल्या? एकमेकांचे नातेवाईक असल्यामुळे, की नातेवाईक असूनही? या अभ्यासात हेच प्रश्न विचारले जातात.

वनस्पतींचे नाते ठरवतात तरी कसे?

पूर्वी हे काम मुख्यतः फुलांच्या रचनेवरून होत असे आणि ते बऱ्याच प्रमाणात बरोबरही ठरले. गेल्या तीन-चार दशकांत डीएनएमधील विशिष्ट जनुकांच्या क्रमाची तुलना करून वंशवृक्ष बांधले जाऊ लागले. हरितलवकातील आरबीसीएल हे जनुक यासाठी फार उपयोगी पडले, कारण कर्बग्रहण करणाऱ्या रुबिस्को या विकराचा मोठा घटक त्यावरून तयार होतो आणि म्हणून ते जवळजवळ सर्व हिरव्या वनस्पतींत सापडते. अशा पुराव्यांच्या आधारे 'अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप' या गटाने सपुष्प वनस्पतींचे नवे वर्गीकरण 1998 मध्ये प्रथम मांडले आणि त्याची चौथी आवृत्ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली.

या नव्या मांडणीत काही जुनी नाती तुटली आणि काही अनपेक्षित नाती जुळली. साग पूर्वी घाणेरीच्या कुळात गणला जाई. आता तो तुळशीच्या कुळात आहे. काटेसावर आणि भेंडी एकाच कुळात आल्या. कमळ आणि कुमुदिनी एकाच तळ्यात, सारख्याच ढंगाने वाढत असल्या तरी त्यांचे नाते फार दूरचे निघाले. कमळाचे खरे आप्त म्हणजे प्लेन वृक्ष आणि दक्षिण गोलार्धातील प्रोटिया. दिसण्यावरून नाते ठरवण्यातला धोका समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

वंशवृक्षाच्या फांद्यांची लांबी जीवाश्मांच्या साहाय्याने काळात मोजता येते. दोन जातींचा समान पूर्वज जितका जुना, तितके त्यांच्यातील अंतर अधिक. दोन जातींमधील अंतर काढताना पहिल्या जातीपासून समान पूर्वजापर्यंत उतरून तेथून दुसऱ्या जातीपर्यंत चढावे लागते. त्यामुळे पूर्वज पाच कोटी वर्षांपूर्वीचा असेल, तर अंतर दहा कोटी वर्षांचे भरते. नवख्या अभ्यासकांकडून ही दुप्पट नेहमी विसरली जाते.

ही कल्पना अलीकडची आहे का?

साधने अलीकडची आहेत, कल्पना नव्हे. चार्ल्स डार्विनने 1859 च्या आपल्या ग्रंथात लिहिले होते की, एकाच प्रजातीतील जातींच्या सवयी आणि बांधणी सारख्या असल्यामुळे जगण्याचा झगडा त्यांच्यातच सर्वांत तीव्र असतो. मराठीत यासाठी 'भाऊबंदकी' हा तयार शब्द आहे. बांधाच्या वादात परक्यापेक्षा चुलतभाऊच आडवा येतो, कारण दोघांचा डोळा एकाच जमिनीवर असतो.

विसाव्या शतकात याची कसोटी एका सोप्या गुणोत्तराने लावली जाई : एका जागेतील जातींच्या संख्येला तेथील प्रजातींच्या संख्येने भागायचे. लहान जागेत हे गुणोत्तर कमी भरते, म्हणजे प्रत्येक प्रजातीचे एक-दोनच प्रतिनिधी सापडतात, असे चार्ल्स एल्टनने 1946 मध्ये दाखवले आणि भाऊबंदकीचा हा पुरावा मानला. त्यात एक फसगत होती. मोठ्या संचातून डोळे मिटून थोड्या जाती उचलल्या, तरी हे गुणोत्तर आपोआप घटते. 1970 मध्ये डॅनियल सिम्बरलॉफने बेटांवरील जीवांची तुलना अशा डोळे मिटून काढलेल्या नमुन्यांशी केली, तेव्हा बेटांवरील गुणोत्तर बहुतेक ठिकाणी अपेक्षेपेक्षा किंचित जास्तच निघाले. म्हणजे निष्कर्ष उलटाच झाला. योगायोगाने काय घडले असते हे आधी ठरवल्याशिवाय घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावू नये, ही या विषयातील पहिली शिस्त तेथून आली.

पुढचा मोठा टप्पा 2000 सालचा. कॅम वेब याने बोर्निओतील गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यानातील वृक्षांवर काम करताना प्रजातींची नुसती मोजदाद सोडून वंशवृक्षावरील प्रत्यक्ष अंतरे वापरली. 2002 मध्ये त्याने डेव्हिड अॅकर्ली, मार्क मॅकपीक आणि मायकेल डोनोह्यू यांच्यासह लिहिलेल्या आढाव्याने या विषयाला आजचे रूप दिले.

जवळचे नातेवाईक एकाच जागी का सापडावेत?

याचे उत्तर दोन पायऱ्यांत द्यावे लागते. पहिली पायरी म्हणजे चाळणी. माती, पाणी, उष्णता, आग, उंची अशा घटकांमुळे येऊ पाहणाऱ्या प्रत्येक जातीला त्या जागी टिकता येत नाही. दुसरी पायरी म्हणजे वारसा. दुष्काळ सोसण्याची, सावलीत वाढण्याची किंवा कसहीन मातीत जगण्याची क्षमता पुष्कळदा पूर्वजांकडून आलेली असते आणि म्हणून एका शाखेतील बहुतेक जातींत ती आढळते. दोन्ही पायऱ्या एकत्र आल्या की चाळणीतून एकाच शाखेच्या अनेक जाती खाली उतरतात आणि त्या जागी गोतावळा जमतो. बोर्निओमध्ये वेबला हेच दिसले : एकेका तुकड्यातील वृक्ष संपूर्ण संचातून योगायोगाने निवडले असते तर असते त्यापेक्षा एकमेकांच्या अधिक जवळचे होते.

वारशाची पकड किती घट्ट असू शकते, याचे सर्वांत व्यापक उदाहरण गारठ्याचे आहे. सपुष्प वनस्पतींची कितीतरी कुळे उष्ण कटिबंधात भरभराटीला आली. पण पेशींतील पाणी गोठण्याच्या तापमानात जगण्याची युक्ती त्यांपैकी थोड्यांनाच साधली. समशीतोष्ण प्रदेशातील रानांत कुळांची संख्या कमी असण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

आपल्याकडे हा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल, तर पावसाळ्यात कोकणातील किंवा कासचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, पाहावे. जांभ्या दगडावरील मातीचा पातळ थर, तिच्यातील पोषकद्रव्यांची टंचाई, चार महिने साचलेले पाणी आणि उरलेले आठ महिने रखरखाट, ही चाळणी फार बारीक छिद्रांची आहे. तिच्यातून गेंद म्हणजे एरिओकॉलॉन या एकाच प्रजातीच्या अनेक जाती, तसेच सीतेची आसवे ज्या युट्रिक्युलारिया प्रजातीत येतात तिच्या अनेक जाती शेजारी शेजारी उतरलेल्या दिसतात. सीतेची आसवे कीटकभक्षी आहेत. मातीत जे मिळत नाही ते त्या सूक्ष्म जीवांकडून मिळवतात, आणि ही सोय त्या प्रजातीला वारशानेच मिळालेली आहे.

मग भाऊबंदकीचे काय? नातेवाईक एकमेकांना हुसकावून लावत नाहीत का?

लावतात, असे मानायला जागा आहे, आणि त्यासाठी नेहमी उजेड-पाण्यावरून भांडण व्हावेच लागते असे नाही. समान शत्रूही पुरतो. डॅनियल जॅन्झन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये स्वतंत्रपणे असे सुचवले की, मातृवृक्षाजवळ पडलेल्या बियांना आणि रोपांना त्या जातीवर पोसणाऱ्या किडी व रोग सहज गाठतात, त्यामुळे मोकळी राहिलेली जागा दुसऱ्या जातीला मिळते. हा तर्क नातेवाइकांपर्यंत ताणता येतो का, हे ग्रेगरी गिल्बर्ट आणि कॅम वेब यांनी पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर तपासले. एका जातीच्या पानांवरील रोगकारक बुरशी त्यांनी इतर जातींच्या पानांवर मुद्दाम लावून पाहिली. दोन जातींतील उत्क्रांतीचे अंतर जसजसे वाढत गेले, तसतशी एकाच बुरशीने दोघींना ग्रासण्याची शक्यता कमी होत गेली. हे संशोधन 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी बोर्निओतील रोपांच्या अभ्यासातूनही हेच सूचित झाले होते की, शेजारी दूरच्या नात्यातले असले तर रोप जगण्याची शक्यता वाढते.

पांगलेल्या नात्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फ्लोरिडातील ओकचे आहे. ओक आपल्या सह्याद्रीत नाही. हिमालयातील बांज हा त्यातलाच. जनीन कॅव्हेंडर-बेअर्स आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये उत्तर-मध्य फ्लोरिडातील 17 जातींच्या ओकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या भागात कोरड्या वाळूची खुरटी झुडपी राने, वारंवार आग लागणारे वालुकामय उंचवटे आणि ओलसर दाट राने असे तीन प्रकार आहेत, तर ओकांच्या लाल, पांढरा आणि सदाहरित अशा तीन शाखा आहेत. प्रत्येक शाखेने आपापला एखाददुसरा प्रतिनिधी प्रत्येक प्रकारच्या रानात पाठवल्यासारखी त्यांची मांडणी निघाली. एका रानात शेजारी उभे असलेले ओक बहुधा वेगवेगळ्या शाखांचे, तर सख्खे भाऊ वेगवेगळ्या रानांत. आग सोसणारी जाड साल किंवा कोरडेपणा सोसण्याची ताकद प्रत्येक शाखेत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उत्क्रांत झाली, म्हणून हे शक्य झाले.

आपल्याकडे टर्मिनालिया प्रजातीकडे याच दृष्टीने पाहावेसे वाटते. अर्जुन नदी-ओढ्यांच्या काठी, किंजळ कोकणातील दमट पानगळीच्या रानात, ऐन त्याहून कोरड्या रानांतही, तर हिरडा घाटमाथ्यापर्यंत. या भावांनी वाटण्या करून घेतल्यासारखे दिसते खरे. पण त्यांच्या जागा एकमेकांवर बऱ्याच चढतात आणि ऐन-किंजळ एकत्रही आढळतात. म्हणून मोजमाप न करता या उदाहरणावरून निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

हा गोतावळा किंवा ही पांगापांग आकड्यांत कशी मोजतात?

सर्वांत प्रचलित रीत अशी : एका तुकड्यातील जातींच्या सर्व जोड्यांमधील अंतरे घेऊन त्यांची सरासरी काढायची. दुसऱ्या रीतीत प्रत्येक जातीसाठी फक्त तिच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाचे अंतर घ्यायचे आणि त्याची सरासरी काढायची. पहिली रीत वंशवृक्षाच्या जुन्या, जाड फांद्यांविषयी सांगते, दुसरी शेंड्यांविषयी.

केवळ हिशेब कळावा म्हणून काही आकडे (दशलक्ष वर्षांत) मानून चालू. अंजनी-जांभूळ अंतर 160, अंजनी-पिसा 260 आणि जांभूळ-पिसा 260 असे धरले, तर तिन्हींची बेरीज 680 आणि सरासरी सुमारे 226.7 येते. जवळच्या नातेवाइकाची सरासरी काढायची तर अंजनीसाठी 160, जांभळासाठी 160 आणि पिशासाठी 260, म्हणजे सुमारे 193.3. आता 226.7 हे जास्त की कमी, हे त्या आकड्याकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी परिसरातील सर्व जातींच्या यादीतून संगणकाने हजारदा तीन-तीन जाती चिठ्ठ्या टाकून काढायच्या आणि प्रत्येक वेळी सरासरी मोजायची. समजा, त्या हजार सरासऱ्यांचे मध्यमान 240 आणि प्रमाण विचलन, म्हणजे त्या किती पसरल्या आहेत याचे माप, 10 आले. आपला आकडा मध्यमानापेक्षा 13.3 ने, म्हणजे 1.33 विचलनांनी कमी आहे. वेबच्या पद्धतीत याचे चिन्ह उलटवतात, म्हणून नातेसंबंध निर्देशांक +1.33 होतो. धन चिन्ह म्हणजे गोतावळा, ऋण चिन्ह म्हणजे पांगापांग, शून्याच्या आसपास म्हणजे योगायोगाहून वेगळे काही दिसत नाही. साधारणपणे 1.96 च्या पलीकडे गेल्याशिवाय निकाल ठाम मानत नाहीत, त्यामुळे वरील उदाहरणात गोतावळा सिद्ध झालेला नाही. तीनच जातींवरून तो सिद्ध होण्याची अपेक्षाही करू नये.

चाळणी कडक असेल तर गोतावळाच दिसायला हवा, असे आहे का?

नाही. याचे उत्तर खारफुटीत मिळते. समुद्राचे खारे पाणी, दिवसातून दोनदा येणारी भरती आणि प्राणवायू नसलेला चिखल यांच्याइतकी कठोर चाळणी वृक्षांच्या वाट्याला क्वचितच येते. तरी कोकणच्या खाडीत उभे राहून पाहिले तर कांदळ ऱ्हायझोफोरेसी कुळातला, तिवर आणि मारांडी अॅकॅन्थेसी कुळातले, तर पांढरी चिपी, जिला 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला, ती मेंदीच्या कुळातली. खाऱ्या चिखलात जगण्याची हातोटी वंशवृक्षाच्या वेगवेगळ्या शाखांवर स्वतंत्रपणे अनेकदा उत्क्रांत झाली, म्हणून चाळणी कडक असूनही खाली पडलेले दाणे वेगवेगळ्या पोत्यांतले आहेत. अर्थात कांदळाच्या कुळातील चार खारफुटी प्रजाती एकमेकींच्या सख्ख्या आहेत. म्हणजे दूरवरून पाहिले तर पांगापांग आणि जवळून पाहिले तर एक छोटा गोतावळा, अशी दोन्ही चित्रे एकाच खाडीत आहेत.

जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी घाटातील कारवी आणि परसातला अडुळसा हेही तिवराच्याच कुळातले आहेत. डोंगरमाथा, परसू आणि खाडी अशा तीन ठिकाणी या कुळाने बिऱ्हाडे थाटली आहेत, त्यामुळे कुळाच्या नावावरून राहणीचा अंदाज बांधणे येथे अगदीच फसते.

एकाच रानाबद्दल दोन अभ्यास उलट निष्कर्ष काढतात. मग विश्वास कशावर ठेवायचा?

बहुधा दोन्हींवर ठेवता येतो, फक्त दोघांनी कोणती फूटपट्टी घेतली ते आधी पाहावे. फ्लोरिडातील त्याच संशोधकांनी 2006 मध्ये आपला आवाका वाढवला. नुसते ओक घेतले तेव्हा नाती पांगलेली होती. त्याच तुकड्यांतील इतर सर्व सबीज वनस्पती मोजणीत घेतल्या, तेव्हा गोतावळा दिसू लागला. यात विरोध नाही. ओक विरुद्ध ओक ही तुलना सूक्ष्म वाटण्यांची असते, तर ओक, पाइन आणि गवते एकत्र घेतली की कोणत्या मोठ्या शाखा त्या मातीत मुळात टिकतात हा प्रश्न पुढे येतो.

जागेचा आकार, झाडांचे वय आणि तुलनेसाठी घेतलेली यादी यांनीही उत्तर बदलते. बारो कोलोरॅडो बेटावर 1980 मध्ये आखलेल्या 50 हेक्टरच्या क्षेत्रात एक सेंटिमीटर जाडीपासूनचे प्रत्येक झाड मोजले जाते आणि तेथे सुमारे 300 जाती आहेत. स्टीव्हन केम्बेल आणि स्टीफन हबेल यांनी 2006 मध्ये दाखवले की, संपूर्ण क्षेत्राची सरासरी योगायोगाच्या जवळपास असली, तरी कोरड्या पठारी भागात आणि तरुण रानात नाती जवळची, तर दलदलीत आणि उतारांवर ती पांगलेली होती. सगळे एकत्र मिसळले की दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात. 2009 मध्ये याच क्षेत्रातील 296 जातींचा वंशवृक्ष तीन डीएनए खुणांच्या साहाय्याने बांधला गेला, त्यामुळे शेंड्याजवळची नाती अधिक नेमकेपणे मोजता येऊ लागली.

काळही महत्त्वाचा आहे. कोस्टा रिकाच्या ईशान्य भागात शेती-कुरणे सोडून दिल्यावर पुन्हा वाढलेल्या रानांच्या 2010 च्या अभ्यासात असे दिसले की, रानाचे वय वाढत जाते तशी त्यातील नाती पांगत जातात. उघड्या, तापलेल्या जमिनीवर प्रथम येऊ शकणाऱ्या शाखा थोड्या असतात. सावली धरल्यावर इतरांना दार उघडते.

गोतावळा दिसला म्हणजे पर्यावरणाची चाळणी सिद्ध झाली, असे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. आणि माझ्या मते या विषयात सर्वाधिक शाई याच गैरसमजापायी वाया गेली आहे. सन 2000 नंतरच्या दशकात 'गोतावळा म्हणजे चाळणी, पांगापांग म्हणजे स्पर्धा' असे सूत्र रूढ झाले आणि वंशवृक्ष व जातींची यादी हाती आली की कारण सांगून मोकळे होण्याची सवय लागली. 2010 मध्ये मार्गारेट मेफील्ड आणि जोनाथन लेव्हिन यांनी या सूत्राच्या मुळावरच बोट ठेवले. स्पर्धेचे दोन भाग असतात : गरजा किती वेगळ्या आहेत हा एक, आणि ताकद किती असमान आहे हा दुसरा. गरजा वेगळ्या असतील तर दोघे सुखाने नांदतात. पण उंच वाढून सगळा उजेड अडवण्यासारखी ताकद एखाद्या शाखेलाच वारशाने मिळालेली असेल, तर ती शाखा बाकीच्यांना हुसकावते आणि मागे उरतात ते एकमेकांचे नातेवाईकच. म्हणजे तेथे गोतावळा स्पर्धेमुळे जमला, चाळणीचा संबंधच नाही.

पुढे 2014 मध्ये ऑस्कर गोडॉय, नेथन क्राफ्ट आणि लेव्हिन यांनी कॅलिफोर्नियातील 18 वर्षायू वनस्पती प्रत्यक्ष शेतात जोडीजोडीने वाढवून पाहिल्या. नाते दूरचे असले की गरजा वेगळ्या असतात, ही डार्विनपासूनची धारणा तेथे टिकली नाही. उलट नाते जितके दूर, तितकी ताकदीतील तफावत मोठी निघाली.

परस्परसाह्याचाही विचार करावा लागतो. मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशात काही झुडपांच्या सावलीतच इतर जातींची रोपे जगतात, आणि अशी पाखर घालणारे झुडूप व त्याच्या आश्रयाला आलेली रोपे बहुधा दूरच्या नात्यातली असतात, असे अल्फोन्सो व्हालिएन्ते-बानुएत आणि मिगेल वेर्दू यांनी 2007 मध्ये दाखवले. तेथे पांगापांग दिसते ती भांडणामुळे नव्हे, आसऱ्यामुळे.

तात्पर्याने इतकेच की, नाते हा परिस्थितिजन्य पुरावा आहे. पानांची जाडी, लाकडाची घनता, बियांचे वजन असे गुणधर्म प्रत्यक्ष मोजून, ते वंशवृक्षाच्या शाखांना धरून राहतात की नाही हे तपासल्यावरच त्या पुराव्याला वजन येते.

परदेशी तणांच्या फैलावाशी या विषयाचा काय संबंध आहे?

डार्विनच्या लक्षात आले होते की, उत्तर अमेरिकेत रुजलेल्या परक्या वनस्पतींपैकी पुष्कळ अशा प्रजातींच्या आहेत, ज्या तेथे मुळात नव्हत्या. परक्या जातीला स्थानिक नातेवाईक नसले की तिच्यावर पोसणारे रोग-किडीही नसतात आणि मोकळी जागाही सापडते. कॅलिफोर्नियातील गवतांच्या 2006 च्या अभ्यासात, स्थानिक गवतांपासून दूरच्या नात्यातील परकी गवते अधिक उपद्रवी ठरल्याचे आढळले. मात्र उलटा तर्कही डार्विननेच मांडला होता : स्थानिक नातेवाईक ज्या हवामानात सुखाने राहतात, तेथे परक्या भावालाही ते मानवणारच. दोन्ही तर्कांना आधार देणारी उदाहरणे जगभर मिळतात. आपल्याकडील घाणेरी, रानमोडी किंवा गाजरगवत यांपैकी एखादे उदाहरण घेऊन हा वाद मिटवता येत नाही, कारण त्यासाठी येऊन रुजलेल्या जातींबरोबरच येऊनही न रुजलेल्या जातींची यादी लागते, आणि अपयशाची नोंद कोणी ठेवत नाही.

सह्याद्रीतील रानांविषयी या पद्धतीने काय कळते?

पश्चिम घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना एकूण पाऊस भरपूर राहिला तरी तो थोड्या महिन्यांत कोसळतो आणि कोरडा काळ लांबत जातो. केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने थोडे, तर महाराष्ट्रात ते सात-आठ. ही दक्षिणोत्तर चाळणीच आहे. दमटपणाला सोकावलेल्या जुन्या शाखा, उदाहरणार्थ रानजायफळाचे कुळ, उत्तरेकडे विरळ होत जातात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील देवराईत पाणथळ जागेचा आधार धरून ते टिकलेले आढळते. घाटातील काष्ठमय वनस्पतींच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, दक्षिण घाटात मर्यादित क्षेत्रात राहणाऱ्या फार जुन्या आणि अगदी तरुण अशा दोन्ही शाखा एकवटल्या आहेत; म्हणजे तो भाग जुन्यांचा सांभाळ करणारा आहे आणि नव्यांचा पाळणाही आहे. उत्तर घाटाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. तेथील काष्ठमय जाती तुलनेने कमी असल्या, तरी सड्यांवरील हंगामी वनस्पतींची विविधता अशा अभ्यासात मोजलीच जात नाही.

संवर्धनाच्या कामात या नात्यांचा उपयोग होतो का?

होतो. डॅनियल फेथ यांनी 1992 मध्ये सुचवले की, एखाद्या जागेचे मोल ठरवताना तेथील जातींची संख्या मोजण्याऐवजी त्यांना जोडणाऱ्या वंशवृक्षाच्या सर्व फांद्यांची एकूण लांबी मोजावी. याला वंशविविधता म्हणतात. दहा जाती एकाच प्रजातीच्या असतील तर ही लांबी थोडी भरते, दहा कुळांच्या असतील तर पुष्कळ. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशात 2007 च्या अभ्यासात याचा फरक स्पष्ट झाला : पश्चिम भागात जाती अधिक होत्या, पण त्यांतल्या बऱ्याच अलीकडेच फुटलेल्या एकमेकींच्या बहिणी होत्या, त्यामुळे वंशविविधतेच्या मापाने पूर्व भागाचे पारडे जड ठरले. न्यू कॅलेडोनिया बेटावरील अॅम्बोरेला हे झुडूप इतर सर्व सपुष्प वनस्पतींची भगिनी शाखा आहे आणि त्या शाखेत ती एकच जाती उरली आहे. जातींच्या मोजणीत तिचा वाटा एक एवढाच भरतो; फांद्यांच्या मोजणीत तेरा कोटी वर्षांहून अधिक काळाचा.

आमच्या भागातील एखाद्या देवराईची अशी मोजणी करायची झाल्यास सुरुवात कोठून करावी?

प्रथम देवराईत सारख्या मापाचे अनेक तुकडे आखून प्रत्येकातील जातींची यादी करावी. एकाच मोठ्या यादीचा उपयोग फार मर्यादित होतो. नावांची खातरजमा नीट करावी, कारण एका जातीची ओळख चुकली तर ती वंशवृक्षावर भलत्याच फांदीवर जाऊन बसते. मराठी नावांवर विसंबून तर मुळीच राहू नये, एकाच नावाने दोन तालुक्यांत दोन झाडे ओळखली जातात. त्यानंतर परिसरातील जातींची यादी लागेल. तिच्यासाठी थिओडोर कुक यांची 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची आजही आधाराला येते, पण नावे सध्याच्या वर्गीकरणाप्रमाणे बदलून घ्यावी लागतात. यादीची व्याप्ती जिल्हा, तालुका की संपूर्ण कोकण हे आधी ठरवावे आणि अहवालात लिहावे. यादी जितकी विस्तृत घ्याल तितका गोतावळा दिसण्याची शक्यता वाढते.

डीएनए तपासण्याची सोय नसेल तर तयार महावृक्षातून, म्हणजे आधीच बांधलेल्या असंख्य जातींच्या मोठ्या वंशवृक्षातून, आपल्या जातींपुरता भाग कापून घेता येतो आणि आर या विनामूल्य संगणकभाषेतील पिकान्टे या संचात वर सांगितलेले सर्व हिशेब करता येतात. महावृक्षात एखादी जाती नसेल तर ती तिच्या प्रजातीच्या बुंध्याशी जोडली जाते, त्यामुळे शेंड्याजवळच्या अंतरांवर आधारलेले निष्कर्ष जपून मांडावेत. लावलेली झाडे, म्हणजे देवळाभोवतीचा चाफा, नारळ किंवा आंबा, मोजणीत धरायची की वगळायची, हे दोन्ही प्रकारे करून पाहावे. ती माणसाने निवडलेली असतात आणि थोड्या जातींच्या तुकड्यात एकट्या नारळाने सरासरी अंतर पुष्कळ वाढू शकते, कारण तो एकदल वनस्पती आहे आणि त्याच्याभोवतीचे जवळजवळ सगळे वृक्ष द्विदल.